त्रिलोकेकर सरांचं अखंड दही

गिरगावच्या चिंतामणी त्रिलोकेकर सरांकडे एकच भाषण होतं आणि ते त्यांनी जन्मभर पुरवून पुरवून वापरलं. कॉलेजात फिजिक्स शिकवत होते तेव्हा वर्गात दिलं. रिटायर झाल्यावर वाचनालयांत दिलं, महिला मंडळांत दिलं, एकदा तर गणपतीच्या मंडपात सत्यनारायण आणि ऑर्केस्ट्रा यांच्या मधल्या वेळात दिलं. विषय ठरलेला. निर्जीवातून पहिला जीव कसा झाला, आणि याबद्दल थर्मोडायनॅमिक्सचं म्हणणं काय? ऐकायला जड वाटतं, पण सरांनी सांगितलं की आजीबाईंनाही कळायचं. निदान सरांचं तसं मत होतं.

सुरुवात पसाऱ्याने व्हायची. "एन्ट्रॉपी म्हणजे पसारा," सर म्हणत. "कपाट आपणहून विस्कटतं, आपणहून लागत नाही. चहा आपणहून गार होतो, आपणहून गरम होत नाही. जगाचा सगळा कल विस्कटण्याकडे. मग असल्या जगात मुंगी कशी झाली? तुम्ही-आम्ही कसे झालो? नियम मोडला की काय?" मग स्वतःच उत्तर देत. नियम मोडला नाही. पृथ्वी म्हणजे झाकण घट्ट लावलेला डबा नव्हे. सूर्याकडून ऊन येतं आणि उष्णता होऊन आकाशात निघून जातं. या येण्याजाण्यात मध्येच कुठेतरी घडी बसते, मोरीतून पाणी जाताना भोवरा होतो तशी. "तुमच्या घरात तरी काय होतं? कुणीतरी जेवतं, राबतं, घाम गाळतं, म्हणून घर आवरलेलं राहतं." हे कुणीतरी म्हणजे कोण, याच्या खोलात सर जात नसत. फिजिक्सला त्याची गरज नसते.

आणि शेवटी यायचं दही. त्याच्यासाठीच लोक पुन्हा पुन्हा येत. भोवरा म्हणजे जीव नव्हे, सर म्हणत. भोवरा मोडला तर दुसरा होतो, ज्योत विझली तर काडी ओढता येते. पण दही? "आमच्या आईने लग्नात केळव्याहून चिनी मातीच्या सटातून विरजण आणलं. तेच विरजण आमच्या घरात आजतागायत चालू आहे. रोज थोडं राखायचं, रोज नव्या दुधाला लावायचं. एक दिवसही खंड नाही! जीव हा असा आहे. उष्णतेचा नियम त्याला परवानगी देतो, पण धागा मात्र पहिल्यापासून न तुटता आलेला असावा लागतो. पहिलं विरजण कुठून आलं ते नियमाला विचारू नका, तो सांगणार नाही." टाळ्या पडत. बायका एकमेकींकडे बघून माना हलवत. पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत सरांच्या पत्नी मंदाकिनी, म्हणजे मंदाताई, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या असत.

त्या मंदाताई मार्चमध्ये गेल्या. सकाळी गवार निवडायला बसल्या होत्या, त्या भिंतीला टेकल्या आणि संपल्याच. सर शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होते.

त्यानंतर सरांना काही वाटेनासं झालं. हे त्यांचं त्यांनाच विचित्र वाटत होतं, म्हणजे तेवढंच काय ते वाटत होतं. चंदनवाडीच्या स्मशानात मुलगा ध्रुव ढसाढसा रडला, सून अनुजा रडली, वाडीतली ज्यांचं मंदाताईंशी फारसं पटत नव्हतं ती माणसंही रडली. सर हात मागे बांधून उभे होते. लोक त्यांच्या रडण्याची वाट बघत होते. कुणी म्हणालं, धक्का बसलाय. कुणी म्हणालं, मास्तर माणूस, कोरडाच असायचा. दोघांचं सरांनी ऐकलं आणि दोघांचं पटलं. दिवसकार्य झालं. ध्रुव म्हणाला, "बाबा, वडाळ्याला चला आमच्याकडे." सर म्हणाले, "बघू." ध्रुव गेला.

घर रिकामं झाल्यावर सर जेवायला बसले. शेजारणीने वरणभात आणून दिला होता. त्यांनी सवयीने भातावर घालायला दही घ्यावं म्हणून फ्रिज उघडला, तर दह्याचं पातेलं नव्हतं. ते घासून पालथं घातलेलं होतं.

त्यांनी धाकट्या बहिणीला, दुर्गाला फोन लावला. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराचा ताबा तिच्याकडे होता.

"दुर्गा, दही कुठाय?"

"कुठलं दही?"

"आपलं. आईचं."

"अरे दादा, ते कसं ठेवणार? घरात माणूस गेलं. भरलेलं पाणी, दूध, शिजलेलं, सगळं ओतून टाकतात. मोरीत ओतलं मी. का रे?"

"काही नाही," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बहिणीवर रागवावं असं त्यांच्या मनात आलं. तिचं चुकलं नव्हतं. सगळे करतात तेच तिने केलं होतं. आईचं दही आपल्याच हाताने मोरीत गेलं हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही आला नाही. मात्र त्या दिवसापासून सरांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. ते विरजण परत मिळालं पाहिजे. बायको गेली ती गेली. तिने रोज बोट बुडवून, झाकून, टॉवेलात गुंडाळून जे सांभाळलं, ते तरी राहिलं पाहिजे. एवढं जमलं तर आपण अगदीच दगड नाही असं मानायला जागा होती.

अशातच दीपकचा फोन आला. दीपक म्हणजे दादरच्या व्याख्यानमालेचा कार्यकर्ता, उत्साही आणि घाबरट. "सर, रविवारचं तुमचं भाषण होतं... आम्ही पुढे ढकलतो. तुम्ही काही मनावर घेऊ नका."

"करू या की," सर म्हणाले. "मला काय झालंय?"

दीपकने पोस्टर पाठवून दिलं.

विरजण कुठे मिळेल याचा विचार सरांनी शास्त्रशुद्ध केला. धागा आपल्या घरी तुटला, पण त्याला फांदी फुटली असेल तर? आणि फांदी फुटली होतीच. मंदाताई विमा कंपनीत नोकरीला होत्या. त्यांच्या शेजारच्या टेबलावर रमाबाई तांबे बसायच्या, राहायला चिंचपोकळीला. मंदाताईंच्या पर्समध्ये अधूनमधून स्टीलची छोटी डबी दिसायची. "रमाकडची दह्याची डबी," त्या सांगत. दोघी रिटायर झाल्या तरी ती डबी फिरत राहिली. म्हणजे आपलं दही चिंचपोकळीत गेलंय, सर मनाशी म्हणाले, आणि तिथे ते नक्की जिवंत असणार. शनिवारी सकाळी ते बसने लालबागला उतरले आणि विचारत विचारत चाळीत पोहोचले.

रमाबाईंनी दार उघडलं. मंदाताई गेल्या त्या दिवशी त्या आल्या होत्या, बराच वेळ खाली वाडीत उभ्या होत्या. त्यांनी सरांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवला. मुलगा गौतम कामावर गेला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी रमाबाईंचे यजमान भिवा यांचा, मिलच्या कामगारांच्या कुठल्याशा सत्कारातला.

"रमाबाई, एक मागायला आलो," सर म्हणाले. "आमच्या घरचं विरजण संपलं. म्हणजे टाकलं गेलं. मंदा तुम्हाला जे देत होती, त्यातलं थोडं परत मिळेल का?"

रमाबाईंनी गॅस बारीक केला.

"मंदा मला देत होती?"

"डबीतून. दही."

"सर, डबी रिकामी यायची हो," रमाबाई म्हणाल्या. "भरून जायची ती इथनं."

सरांना कळेना. उष्णता कुठून कुठे वाहते हे त्यांनी हजारो मुलांना शिकवलं होतं. ही डबी कुठून कुठे वाहत होती ते त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

"म्हणजे आईचं दही..."

"ते तुमच्या लग्नानंतर लगेच संपलं. तेव्हापासनं किती वेळा संपलं ते नका विचारू. तुम्ही सगळे श्रीनगरला गेलात तेव्हा संपलं. फ्रिज बिघडला तेव्हा संपलं. ध्रुवच्या वेळेला ती दवाखान्यात, तेव्हा तुमच्या आईंनीच ताकात संपवलं आणि विरजणाला राखायचं विसरल्या. त्यांना कळलंच नाही. मंदा घरी आली, बघते तर पातेलं रिकामं. मग मी डबी घेऊन तुमच्या वाडीच्या नाक्यापर्यंत आले. वर नाही आले."

"वर का नाही आलात?"

रमाबाईंनी चहा गाळला. "आमच्या घरचं दही तुमच्या आईंना चाललं असतं?"

चाललं नसतं. आईच्या राज्यात बाहेरचं शिजलेलं उंबऱ्याच्या आत येत नव्हतं, आणि बाहेरच्यांत पुन्हा प्रतवारी होती. ती आई शेवटपर्यंत जेवताना वाटी पुढे करून पाहुण्यांना सांगायची की हे आमच्या केळव्याचं. दही चिंचपोकळीचं असायचं.

"आणि तुमच्याकडचं? ते तरी जुनं असेल ना? तुमच्या आईचं वगैरे?" सरांनी विचारलं. आपण हे केविलवाणेपणाने विचारतोय असं त्यांना वाटलं.

"कसलं जुनं! माझंपण संपतं की. मग खालच्या डेअरीतनं पाव किलो आणायचं. एकदा संपात डेअरी बंद होती तर कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकले होते. लागतं तसंही. जरा आंबट लागतं, दोन वेळा फिरवलं की सुधारतं."

सरांनी चहा घेतला. तो गोड होता का ते त्यांना कळलं नाही. मग म्हणाले, "तिने मला कधी सांगितलं नाही."

"सांगणार होती. दादरला तुमचं भाषण होतं, मीपण आले होते तिच्याबरोबर. तुम्ही दह्याचं सांगितलंत, एक दिवसही खंड नाही म्हणालात, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू आवरेना. मी म्हटलं, सांग की गं त्यांना आता. तर म्हणाली, राहू दे. म्हणाली, किती खूश दिसतायत बघ."

हे ऐकून काहीतरी व्हायला हवं होतं. सर वाट बघत बसले. झालं काहीच नाही. फक्त खाली रस्त्यावर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं, त्याचा आवाज त्यांना फार स्पष्ट ऐकू येत राहिला.

निघताना रमाबाईंनी डबी भरून दिली. "लावता येईल ना?"

"उष्णता शिकवण्यात जन्म गेला माझा," सर म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी दूध तापवलं. ऊब लागते हे त्यांना माहीत होतं. तापमान वाढलं की क्रिया वेगाने होते, हेही माहीत होतं. वाफाळत्या दुधात त्यांनी डबीतलं सगळं दही घातलं, पातेलं झाकलं, टॉवेलात गुंडाळलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. मंदाताई ठेवत तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर दूध होतं. वर पिवळट चोथा तरंगत होता आणि खाली दूधच. सर त्याच्याकडे बघत उभे राहिले. दूध होतं, ऊब होती, भांडं होतं, विरजणही घातलं होतं. विश्वाच्या कुठल्याही नियमाची हरकत नव्हती. आणि दही लागलं नव्हतं.

दुपारी दादरला दीपकने श्रद्धांजलीची दोन वाक्यं बोलून घेतली आणि सर उभे राहिले. भाषण तोंडपाठ होतं, ते आपलं आपण चालत राहिलं. पसारा आला, ऊन आलं, भोवरा आला. हल्ली काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे, सर म्हणाले, की पदार्थांतून सतत ऊर्जा वाहत राहिली तर ते हळूहळू अशा रचनेत बसतात की ती ऊर्जा अधिक चांगली उधळता यावी. जीवाची वाट तिथूनच गेली असेल. असेलही. पण परवानगी असणं वेगळं आणि घडणं वेगळं. सगळी सामग्री मांडून ठेवली तरी गोष्ट घडेलच असं नाही, हे मी आज सकाळीच आमच्या ओट्यावर पाहिलं. एवढं बोलून ते थांबले आणि पाणी प्यायले. मग म्हणाले, "धन्यवाद."

लोक बसूनच राहिले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. "सर, दह्याचं राहिलं."

"ते उदाहरण मी मागे घेतलंय," सर म्हणाले. "ते अखंड नव्हतं. पुष्कळदा संपलं होतं."

"मग सर, तुमच्याकडे इतकी वर्षं दही होतं ते?"

"मिसेस आणायच्या. दुसरीकडून."

सभागृहात कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. यात हसण्यासारखं आहे की नाही ते कुणाला ठरवता येईना. दीपकने घाईघाईने आभार मानले, नारळ दिला, शाल दिली. घरी आल्यावर सरांनी शाल खुर्चीवर टाकली आणि पातेल्याचं झाकण पुन्हा काढून बघितलं. दूध आता नासलं होतं.

सोमवारी ते पुन्हा चिंचपोकळीला गेले. डबी घासून घेतली होती. रमाबाईंना काय सांगावं याची वाटेत जुळवाजुळव केली होती, पण त्यांनी दार उघडताच डबीकडे बघितलं आणि ओळखलं.

"दूध किती गरम होतं?"

"वाफ येत होती."

"भाजलं मग. मेलं ते. कोमट लागतं सर, करंगळीला सोसेल इतकंच. जास्त ऊब दिली तर मरतं." त्यांनी डबी हातात घेतली आणि त्या हसल्या. "मंदानं पहिल्यांदा हेच केलं होतं. नवी नवरी, सकाळची ऑफिसची घाई, उकळत्या दुधात घातलं. तुमच्या आईंचं केळव्याचं तिथंच गेलं. ऑफिसात आली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली, रडली. डोळे सुजून एवढे झालेले. म्हणाली, मी त्यांच्या घरातलं मारून टाकलं, आता मला तिथं कोण ठेवून घेईल? दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी माझ्या घरी आणली तिला, डबी भरून दिली, तोंड धुवायला लावलं आणि बसमध्ये बसवून दिली."

रमाबाई दही काढायला आत गेल्या. सर खाटेवर बसले. त्या संध्याकाळी ते घरीच असणार. लग्न नवं होतं, कॉलेज दुपारचं सुटायचं, ते रोज तिच्या आधी घरी येत. म्हणजे सुजलेल्या डोळ्यांची ती मुलगी पर्समध्ये डबी लपवून दारातून आत आली तेव्हा दार त्यांनीच उघडलं असणार. ते आठवायला लागले. कुठली साडी होती, काय बोलली, आपण काय विचारलं, काही विचारलं का. सगळा जोर लावून ते आठवत राहिले. त्यांना काहीही आठवलं नाही. त्यांनी बघितलंच नव्हतं.

रमाबाई डबी घेऊन बाहेर आल्या तेव्हा त्रिलोकेकर सर दोन्ही हात तोंडावर धरून रडत होते. मोठ्याने, लहान मुलासारखे, चाळीतल्या गॅलरीत ऐकू जाईल इतके. रमाबाईंनी दार लोटून घेतलं आणि त्या त्यांच्याजवळ बसून राहिल्या.